ताजुल मसाजिद : भोपाळ राजधानीचे भूषण

राजधानीच्या नगरास ओळख देणाऱ्या वास्तू बहुधा राजवाडे वा विधानभवने असतात. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ मात्र एका प्रार्थनास्थळामुळे सर्वदूर परिचित आहे. नगराच्या दक्षिण भागातील बाग सेवनियासारखी एके काळची खेडी आज नव्या वसाहतींनी गजबजली आहेत; परंतु राजधानीचे चित्र काढावयाचे तर दृष्टी जुन्या शहराकडेच वळते. तेथे मोतिया तलावाच्या काठी ताजुल मसाजिदीचे तीन शुभ्र घुमट आणि दोन उत्तुंग मनोरे उभे आहेत. ‘मशिदींचा मुकुट’ हा या नावाचा अर्थ असून देशातील सर्वांत मोठ्या मशिदींत तिची गणना होते.

एकोणिसाव्या शतकात भोपाळ संस्थानची सूत्रे स्त्रियांच्या हाती होती. कुदसिया बेगमेने जामा मशीद व सिकंदर बेगमेने मोती मशीद बांधली. सिकंदरची कन्या शाहजहान बेगम हिने इ. स. १८६८ ते १९०१ पर्यंत राज्य केले. ताजुल मसाजिदीचा संकल्प तिचाच. स्त्रियांना नमाजासाठी स्वतंत्र सज्जा असावा, अशीही योजना तीत होती. याच बेगमेच्या द्रव्यसाहाय्याने इंग्लंडातील वोकिंग येथे इ. स. १८८९ मध्ये मशीद उभी राहिली. दैवगती अशी की, दूरदेशीची वास्तू पूर्ण झाली आणि राजधानीतील अपुरी राहिली. इ. स. १९०१ मध्ये बेगम निवर्तली आणि पुढे द्रव्याभावी काम थांबले.

मध्यंतरी काळ पालटला. इ. स. १९४९ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये भोपाळ नव्या राज्याची राजधानी बनले. राजकोश उरला नाही. वास्तू तशीच अर्धवट होती. अखेर इ. स. १९७१ मध्ये मौलाना इमरान खान नदवी व मौलाना सय्यद हशमत अली यांनी हे काम पुन्हा हाती घेतले. देणग्यांच्या बळावर ते चालू राहिले. डिसेंबर १९८४ मध्ये विषारी वायूने या नगरावर भीषण आघात केला, तरीही इ. स. १९८५ मध्ये वास्तू पूर्णत्वास गेली.

महाजन कुटुंबांस यातील मर्म सांगावयास नको. इ. स. १५६० मध्ये श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, तेव्हा पाठीशी राजसत्ता नव्हती. होती ती कुळाव्यांची निष्ठा. आजचे भव्य देवालय पुढील पिढ्यांनी उभारले. धर्म भिन्न, प्रांत भिन्न. परंतु नियम एकच. राजा पाया घालतो, कळस मात्र समाजाने चढवावयाचा असतो. जेथे पूर्वजांचे अपुरे कार्य पुढची पिढी आपले मानते, तेथेच वास्तू नगराचे भूषण ठरते. हा वारसा पुढे नेणे, हेच महाजनकीचे खरे कर्तव्य होय.