कामांची निवड ठरवते बांधकाम कंपनीचे भवितव्य

जयपूर : बांधकाम कंपनीची प्रगती सहसा तिच्या हाती असलेल्या कामांच्या एकूण रकमेवरून मोजली जाते. मात्र कंपनी दीर्घकाळ टिकते ती कोणत्या स्वरूपाची कामे स्वीकारते आणि त्यांतील कोणती जोखीम अंगावर घेते, यावर. जयपूरहून निघणाऱ्या महामार्गांची उभारणी हे याचे उत्तम उदाहरण ठरते.

जयपूर-टोंक-देवळी हा सुमारे १४९ किलोमीटरचा महामार्ग मुंबईस्थित आयआरबी इन्फ्रास्ट्रक्चर डेव्हलपर्स या कंपनीने ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ अर्थात बीओटी तत्त्वावर विकसित केला. या पद्धतीत कंपनी स्वतः भांडवल उभारते आणि दीर्घ मुदतीच्या पथकरातून ते वसूल करते. वाहतूक अपेक्षेप्रमाणे वाढल्यास उत्पन्नाचा स्थिर स्रोत मिळतो. ती घटल्यास किंवा भूसंपादन रखडल्यास व्याजाचा बोजा कंपनीवरच पडतो.

२०१७ च्या मे महिन्यात आयआरबीचा पायाभूत सुविधा गुंतवणूक न्यास बाजारात सूचिबद्ध झाला; असा तो देशातील पहिलाच न्यास होता. त्यात जयपूर-देवळी आणि विदर्भातील तळेगाव-अमरावती यांसह सहा मार्गांचा समावेश होता. पूर्ण झालेल्या मार्गांत अडकलेले भांडवल त्यामुळे मोकळे झाले. उत्पन्न देणारे मार्ग हाती नसते, तर हे शक्य झाले नसते.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये स्वीकारलेल्या हायब्रिड अ‍ॅन्युइटी अर्थात ‘हॅम’ पद्धतीत प्रकल्पखर्चाचा ४० टक्के भाग बांधकामाच्या काळात सरकार देते आणि उर्वरित रक्कम १५ वर्षांत हप्त्यांनी मिळते. वाहतुकीची जोखीम कंपनीवर राहत नाही. राजस्थानातील उदयपूरच्या जी. आर. इन्फ्राप्रोजेक्ट्सने प्रामुख्याने रस्तेबांधणीवर भर देऊन अशी कामे स्वीकारली. २०२१ मध्ये तिचे समभाग बाजारात सूचिबद्ध झाले.

याउलट उदाहरण महाराष्ट्रात आढळते. वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने धरणे, बोगदे, अणुऊर्जा प्रकल्प आणि २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू अशा अवघड कामांत लौकिक मिळवला. त्यानंतरही पुणे जिल्ह्यातील लवासा या खासगी शहराच्या उभारणीत कंपनी अडचणीत आली. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला आणि २०१८ मध्ये लवासा कॉर्पोरेशन दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. घरांसाठी पैसे भरलेल्या ग्राहकांनाही त्याची झळ बसली. अभियांत्रिकीतील कौशल्य जमीन, परवानग्या आणि घरविक्री यांतील जोखमीवर उपाय ठरू शकले नाही.

त्यामुळे निविदा भरण्यापूर्वी जागेचा ताबा, देयके मिळण्याचा कालावधी, कर्जाचे प्रमाण आणि त्या प्रकारच्या कामाचा पूर्वानुभव या चार बाबी तपासणे महत्त्वाचे ठरते. केवळ सर्वात कमी दराने मिळवलेले काम उलाढाल वाढवते. परंतु देयके अडकल्यास त्याचा पहिला फटका उपकंत्राटदार आणि मजुरांना बसतो.