कलमाला परवाना
जालना ओळखला जातो तो बियाण्यांसाठी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे 'महिको' ही बियाणे कंपनी सुरू केली आणि दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, देशाचा बियाणे कायदा झाला. पण याच मुलखात मोसंबीही पिकते, आणि मोसंबी बियाण्याच्या पिशवीतून नव्हे, कलमातून येते.

फसवणुकीची गोम इथेच आहे. कपाशीचं बी खोटं निघालं तर एका हंगामात कळतं. मोसंबीचं कलम खोटं निघालं तर चार-पाच वर्षं खत-पाणी घातल्यावर. जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरतात, तो कोणत्या झाडाचा हे रोपाकडे पाहून कुणालाही सांगता येत नाही. तोवर विकणारा कुठल्या कुठे गेलेला असतो!

म्हणून महाराष्ट्राने १९६९ मध्ये फळांच्या रोपवाटिका आणि कलमविक्रीसाठी वेगळा कायदा केला. परवाना सक्तीचा झाला. खुंट आणि डोळा कुठून आणला याची नोंद ठेवणं आलं. कागद वाढले खरे, पण ते हवेच होते.

१९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली गेली. कलमांची मागणी वाढली, परवान्याचं मोल वाढलं. पुढे २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या कित्येक मोसंबीच्या बागा वाळल्या. नव्याने लावायचं तर पुन्हा रोपवाटिकेचं दार गाठायचं.

बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे. कलम घेण्याआधी तिथे चौकशी करावी, आणि परवाना क्रमांक असलेली पक्की पावती घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.