अधिशोषण : एक संज्ञा आणि एक कल्पना

‘शोषण’ आणि ‘अधिशोषण’ या संज्ञांत भेद केवळ एका उपसर्गाचा आहे. परंतु शास्त्रदृष्ट्या तो मूलगामी होय. द्रव्य पदार्थाच्या अंतर्भागात मुरते ते शोषण, पृष्ठभागावर धरले जाते ते अधिशोषण. युरोपातही या भेदास स्वतंत्र नाव मिळाले ते १८८१ साली, जर्मन भौतिकीविज्ञ हाइन्रिख कायझर यांच्या लेखनातून. पुढे जीवोत्पत्तीच्या विचारात याच संज्ञेस मोठे महत्त्व आले.

१९४७ साली जे. डी. बर्नाल यांनी असा प्रश्न मांडला की, आदिसागराच्या अफाट जलात विखुरलेली सेंद्रिय द्रव्ये एकत्र आली कशी? मृत्तिकेच्या सूक्ष्म कणांवरील अधिशोषणाने, हे त्यांचे उत्तर होते.

हे उत्तर आकर्षक खरे, परंतु मृत्तिका सर्व अमिनो आम्लांस सारख्याच आस्थेने धरीत नाही. माँटमोरिलोनाइट या खनिजाच्या पातळ थरांवर ऋण विद्युत्भार असतो व त्याच्या समतोलासाठी सोडियमसारखे धन आयन थरांमध्ये राहतात. उदासीन जलात लायसीन धनभारित असल्यामुळे या आयनांची जागा घेऊन घट्ट बसते. ग्लायसीनच्या रेणूवर धन व ऋण भार समसमान असल्याने त्याचे बंधन दुर्बल राहते. ग्लुटामिक आम्ल तर ऋणभारितच. थरांचे पृष्ठ त्यास दूर लोटते.

शिवाय धरणे म्हणजे जोडणे नव्हे. दोन अमिनो आम्ले जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. म्हणून भोवतीचे विपुल पाणी या जुळणीस प्रतिकूलच ठरते. १९७० साली पेष्ट-होरोविट्झ, कात्चाल्स्की प्रभृतींनी माँटमोरिलोनाइटच्या सान्निध्यात साखळ्या मिळविल्या. पण त्यांनी घेतलेली अमिनो आम्ले अॅडेनिलेट-रूपाने आधीच क्रियाशील केलेली होती. १९७८ साली लाहाव, व्हाइट व चँग यांनी ग्लायसीन व मृत्तिका यांचे मिश्रण आळीपाळीने भिजविले व तापवून वाळविले, तेव्हा ग्लायसीनच्या लहान साखळ्या तयार झाल्या. ज्या पाण्याने द्रव्य मृत्तिकेपर्यंत आणले, ते निघून गेल्यावरच जोडणी साधली.

तात्पर्य, बर्नाल यांची कल्पना त्याज्य ठरली नाही, तिची मर्यादा मात्र स्पष्ट झाली. अधिशोषणाने संचयाचा उलगडा होतो; संयोगाचा उलगडा केवळ त्याने होत नाही. या दोन क्रियांना ‘चिकटणे’ हे एकच नाव दिले, तर जो प्रश्न अद्याप शिल्लक आहे तो सुटल्याचा भास होतो. संज्ञांची काटेकोर निवड हा केवळ भाषाभ्यासकाचा आग्रह नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.