तुणतुणे, बेस आणि मागे उभा राहणारा माणूस

पुण्यात शिकणाऱ्या आमच्या धामणगाव बढेच्या एका पोराचा परवा फोन आला. "जयभीम दादा. शनिवारी इथं जॅम आहे. ब्लूज वाजवतात. म्या महिन्याभरापासून बेस गिटार शिकतोय. जाऊ का?"

"जा की," मी म्हटलं. तो घुटमळला. "तिथली पोरं लहानपणापासून क्लासला गेलेली. आधी काय वाजवायचास, असं एकानं विचारलं. म्या म्हणलं, काहीच नाही."

हा पोरगा आठवीत असल्यापासून विहारात भीमगीतांना ढोलकी वाजवतो. तरीही तो "काहीच नाही" म्हणाला. हा लेख त्या दोन शब्दांबद्दल आहे.

मित्रांनो, ब्लूज हे कोणाचे संगीत? अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांचे. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन मालकाचीच राहिली आणि अर्धेलीने कसणारा माणूस कर्जात. त्यांच्या कामाच्या हाळ्यांतून आणि चर्चमधल्या गाण्यांतून ब्लूज आकाराला आला. त्याआधी १७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात स्टोनो येथे गुलामांनी बंड केले होते. बंडखोर ढोल वाजवत निघाले होते. १७४० च्या कायद्याने तिथल्या गुलामांच्या हातातला ढोल काढून घेण्यात आला, कारण मालकांना त्या आवाजाची भीती वाटली.

आता आपल्याकडे पाहा. गावगाड्याने आपल्या माणसांच्या हातातले वाद्य काढून घेतले नाही, उलट ते गळ्यात अडकवले. हलगी, डफडे वाजवायचे ते जन्माने ठरलेले काम म्हणून. लग्न दुसऱ्याचे, जत्रा दुसऱ्याची, वाजवणारा मांडवाबाहेर. चामड्याला हात लावणारा अस्पृश्य, पण त्या चामड्याच्या आवाजाशिवाय कोणाचा देव हलत नव्हता. तिकडे ढोल हिसकावून माणसाला मुके केले, इकडे ढोल लादून चाकर केले. दोन्हीकडे संगीत कोणाच्या ताब्यात असावे, हाच प्रश्न होता.

१९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. गावकीची कामे सोडा, असे ते सांगत होते. अनेक ठिकाणी लोकांनी दुसऱ्याच्या दारातले वाजवणे बंद केले. मग वाद्य टाकून दिले का? नाही. सत्यशोधक जलशांची वाट समोर होती. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी १९३० च्या दशकात तेच वाद्य आंबेडकरी जलशात आणले. वाद्ये जुनी होती, पण आता कोणासाठी आणि काय वाजवायचे, हे वाजवणाराच ठरवू लागला. समाजशास्त्राच्या पुस्तकात सामाजिक बदलाच्या ज्या व्याख्या मी वाचल्या, त्या मला ह्या एका उदाहरणाने जास्त समजल्या.

आता बेसकडे येऊ. आपल्याकडे बेस म्हटले की १४ एप्रिलच्या डीजेची छाती हलवणारी धडधड आठवते. ब्लूजमधला बेस वेगळा. तो मोठा नसतो, खोल असतो. गरिबांनी तो कपडे धुण्याच्या टबातून बनवला: पालथा टब, एक काठी, एक तार. आपले तुणतुणे आठवा. पोकळ लाकूड, तळाला चामडे, वर काठी, एकच तार. दोन टोकांच्या दोन माणसांना एकच युक्ती सुचली. आणि आपली भाषा काय म्हणते? "आपलेच तुणतुणे वाजवतो." शाहिराला सूर धरून देणारे वाद्य भाषेने टिंगलीचा शब्द करून ठेवले!

चार तारांचे फेंडर कंपनीचे इलेक्ट्रिक बेस गिटार १९५१ मध्ये आले. त्याआधी बहुतेक बेसवाले माणसाएवढे उंच लाकडी वाद्य उभे धरून वाजवत. ब्लूजचा सर्वात प्रचलित साचा बारा बारचा आहे, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. आपल्या सरगमीत सांगायचे तर चार बार सा, दोन म, दोन सा, मग एक प, एक म आणि शेवटी दोन सा. बेसवाल्याने प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर तो मूळ सूर ठामपणे द्यायचा. बाकीचे सूर नंतर शिकता येतात. गाणारा एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, मग तिसरी ओळ उत्तर देते. विहारात गायक ओळ टाकतो आणि कोरस ती उचलतो, हे ज्याने वर्षानुवर्षे ढोलकीवर सांभाळले, त्याला जॅममध्ये दुसऱ्याचे ऐकत वाजवणे नव्याने शिकावे लागत नाही.

विली डिक्सन हे नाव लक्षात ठेवा. जन्म १९१५, मिसिसिपीतल्या विक्सबर्गचा. शिकागोत चेस रेकॉर्ड्ससाठी तो मागे उभा राहून बेस वाजवायचा. मडी वॉटर्सने १९५४ मध्ये गाजवलेले 'हूची कूची मॅन' त्यानेच लिहिले. पुढे लेड झेपलिन ह्या गोऱ्या बँडच्या एका गाजलेल्या गाण्यात आपले शब्द आहेत, म्हणून त्याने १९८५ मध्ये दावा लावला. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि त्याचा हक्क मान्य झाला. मागे उभा राहणारा माणूस आपल्या नावासाठी भांडला, म्हणून इतिहासात राहिला.

आपले काय? वामनदादा कर्डकांची जन्मशताब्दी २०२२ मध्ये आपण गावोगाव साजरी केली. पण आपल्या गावात पन्नास वर्षांत ढोलकी कोणी वाजवली, कोरसात कोणत्या बाया उभ्या राहिल्या, त्यांची नावे कुठे लिहिली आहेत का? प्रस्थापितांनी आपला इतिहास लिहिला नाही, ही तक्रार खरी आहे. पण आपल्याच मागच्या रांगेचा इतिहास आपणही लिहिला नाही, त्याचा दोष कोणाला द्यायचा?

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य मांडले होते. १९७२ मध्ये दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. त्यामुळे ब्लूज वाजवायला आपल्या पोराला कोणाची परवानगी नको. तो पाहुणा नाही, नातेवाईक आहे.

मी त्याला सांगितले, "शनिवारी जा. बारा बार मोजत राहा, पहिली मात्रा सोडू नको. आणि पुन्हा कोणी विचारलं, तर सांग, दहा वर्षं ढोलकी वाजवली."

तो हसला. "आणि तिकडून आलो की दादा, विहारात बेस आणू का?"

"आण," मी म्हटलं. "येताना एक वहीपण आण. ज्यानं तुला ढोलकी शिकवली, त्याचं नाव पहिल्या पानावर लिहू."

जयभीम!