मातीतले मन कोणाचे?

भांड्यावरून ते घडविणाराचे मन ओळखता येते काय? विसाव्या शतकात हा प्रश्न ज्यांनी जिद्दीने धरला, ते यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) स्वतः कुंभार नव्हते. १९१३ साली त्यांनी टोकियोच्या इंपीरियल विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास पुरा केला. पुढच्याच वर्षी कोरियात शिक्षक असलेल्या एका जपानी माणसाने त्यांना तिकडच्या चिनी मातीचे भांडे भेट दिले, आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली.

कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. १९१९ मध्ये तेथली स्वातंत्र्याची चळवळ चिरडली गेली, तेव्हा यानागींनी आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध वृत्तपत्रात लिहिले. १९२४ साली सोलच्या राजवाड्याच्या आवारात त्यांनी कोरियन लोककलेचे संग्रहालय उघडले. हे धैर्य लहान नव्हे. परंतु याच काळात त्यांनी असेही मांडले की, त्या भांड्यांच्या पांढऱ्या रंगात आणि लांब रेषांत कोरियन जनतेचे युगायुगांचे दुःख साठले आहे.

पुढे कोरियन विद्वानांनीच यास हरकत घेतली. आपल्या भांड्यांत जोम आहे, विनोद आहे. दुःख तेवढे पाहणे ही राज्यकर्त्याची नजर होय, असा त्यांचा आक्षेप.

सतराव्या-अठराव्या शतकांतले ‘चंद्रकुंभ’ पाहा. एवढा मोठा घट चाकावर एकसंध ओढला तर ओली माती खचते. म्हणून दोन कटोरे करून तोंडाला तोंड जोडीत. पोटावरची सांध आणि किंचित वाकडेपणा त्यातून आला. पांढऱ्या रंगामागे साधेपणाला मान देणाऱ्या दरबाराची अभिरुची होती. आणि घडविणारे? १४८५ च्या कायद्याने ३८० कुंभार राजाच्या मुदपाकखान्याच्या खात्याला जोडलेले होते. पुढे मुलानेही बापाचेच काम करावे, असे बंधन आले.

कामगार-चळवळीत वावरणाऱ्या आम्हांस हा वाद परका वाटत नाही. मजुराचा थकलेला चेहरा पाहून हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्याची पाळी आणि त्याचा दर विचारणारे थोडे. निनावी कारागिराकडे जगाने आदराने पाहावे, हे यानागींनी शिकविले, आणि ते ऋण आम्ही मानतो. पण त्या कारागिराचे मन जाणायचे, तर घटाबरोबर त्याची भट्टी, त्याची वेठ आणि त्याचे कसबही पाहावे लागेल. एवढे केल्यावर त्या घटात दुःख दिसले, तर ते त्याचे म्हणावे. नाहीतर ते आपलेच.