स्वयंपाकातील मापांचे वजनात रूपांतर

वाटी, कप, चमचा यांसारख्या भांड्यांनी मोजलेल्या जिन्नसांचे प्रमाण ग्रॅममध्ये काढणे, यास स्वयंपाकातील मापांचे वजनात रूपांतर असे म्हणता येईल. भांडे जिन्नसाचे आकारमान मोजते, तराजू वजन. या दोहोंना जोडणारी राशी म्हणजे घनता. मिलिलिटरमधील आकारमानाला घनतेने गुणले असता ग्रॅममधील वजन मिळते. द्रवांच्या बाबतीत हे गणित सरळ आहे. पीठ, मीठ, साखर अशा कोरड्या जिन्नसांत मात्र कणांमधील हवाही मापात येते. त्यामुळे तेथे या पोकळीसह काढलेली 'स्थूल घनता' वापरावी लागते.

== मापांतील भिन्नता ==

'एक कप' या शब्दांनी सर्वत्र एकच माप सूचित होत नाही. अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातील २५० मिलिलिटरचा, तर जपानमधील २०० मिलिलिटरचा असतो. विद्युत भातकुकरसोबत मिळणारा कप बहुधा १८० मिलिलिटरचा असतो. मोठा चमचा साधारणतः १५ मिलिलिटरचा, पण ऑस्ट्रेलियात २० मिलिलिटरचा धरतात. महाराष्ट्रातील घरोघरच्या वाटीला तर प्रमाणित आकारच नाही. एकाच वाटीने सर्व जिन्नस मोजल्यास त्यांचे परस्परप्रमाण टिकते, म्हणून ही पद्धत घरात उत्तम चालते. अडचण येते ती कृती दुसऱ्या घरी गेल्यावर.

== पारंपरिक मापे ==

महाराष्ट्रात धान्य चिपटे, मापटे, शेर व पायली या मापांनी मोजले जाई. सर्वसाधारणपणे दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर व चार शेरांची एक पायली होत असे. प्रदेशानुसार यांत फरक आढळे. शेर हे मापही होते आणि वजनही. वजनी पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. मापी शेराचे वजन मात्र आतील धान्यावर ठरे. सालीसकट भात तांदळापेक्षा हलका असल्यामुळे दोहोंची पायली सारख्या वजनाची भरत नाही. जुन्या वह्यांतील 'शेर' वाचताना हा भेद न पाहिल्यास पदार्थ हमखास बिघडतो. १९५६ च्या कायद्याने भारतात दशमान वजनमापे स्वीकारण्यात आली.

== जिन्नसानुसार वजन ==

एक मिलिलिटर पाणी सुमारे एक ग्रॅम भरते. खाद्यतेल त्याहून हलके असते. बाजारातील एक लिटरच्या पिशवीवर म्हणूनच सुमारे ९१० ग्रॅम असे वजनही छापलेले आढळते. मध मात्र जड, लिटरला सुमारे १.४ किलोग्रॅम. एका अमेरिकन कपात दाणेदार साखर सुमारे २०० ग्रॅम मावते. मैदा चमच्याने हलका भरून वरून सपाट केल्यास सुमारे १२५ ग्रॅम, पण कप थेट डब्यात खुपसून भरल्यास १४० ते १५० ग्रॅमपर्यंत भरतो. भाजीत एवढा फरक खपतो, केकमध्ये नाही. जाड खड्यांचे मीठ चमच्यात बारीक मिठापेक्षा कमी वजनाचे बसते.

== घरगुती पडताळा ==

रिकामी वाटी तराजूवर ठेवून आकडा शून्य करावा व ती काठोकाठ पाण्याने भरावी. जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे मिलिलिटर तिचे माप. नंतर कोरडी वाटी त्या-त्या जिन्नसाने, शीग न ठेवता, भरून वजन नोंदवावे.

अत्यल्प प्रमाणासाठी मात्र साधा स्वयंपाकघरातील तराजू फारसा उपयोगी नाही. अतिसारात घरी करावयाच्या जलसंजीवनीचे प्रमाण एक लिटर स्वच्छ पाण्यास सहा सपाट लहान चमचे साखर (सुमारे २५ ग्रॅम) व अर्धा सपाट लहान चमचा मीठ (सुमारे ३ ग्रॅम) असे आहे. येथे लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा. पोहे खाण्याचा मोठा चमचा किंवा शिगोशीग भरलेला चमचा वापरल्यास मीठ घातक प्रमाणात वाढू शकते, विशेषतः बालकांसाठी. एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाऱ्या तराजूत ३ ग्रॅम मिठाची चूक मोठी ठरते. त्यामुळे येथे ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा अधिक भरवशाचा, आणि तयार प्रमाणित पुडी उपलब्ध असल्यास तीच श्रेयस्कर.