अरुंद रस्त्यावर सायकलस्वार मधूनच का चालवतो?

रविवारची सकाळ, सिंहगडाचा घाटरस्ता. पुढे सायकलस्वार, मागे कार. हॉर्न वाजतो, तरी सायकल कडेला होत नाही. हा त्याचा हट्ट असतो का? बऱ्याचदा नाही. त्यामागे साधं गणित आहे.

काय आहे हे गणित?

एकेरी डांबरी रस्ता साधारण ३.७५ मीटर रुंद असतो. कडेपासून अर्धा मीटर आत चालणाऱ्या सायकलला हँडल धरून सुमारे ०.८ मीटर जागा लागते. कारला साधारण १.७ मीटर. दोघांमध्ये दीड मीटर अंतर ठेवायचं तर ४ मीटर हवेत. तेवढा रस्ताच नाही! पण सायकल कडेला गेली की मागच्याला जागा आहे असं वाटतं, आणि तिथेच घात होतो.

दीड मीटरच का?

खड्डा, खडी किंवा वाऱ्याचा झोत आला की सायकल अचानक बाजूला सरकते. ब्रिटनच्या 'हायवे कोड'मध्ये २०२२ साली बदल झाले. ताशी ३० मैलांपर्यंत (सुमारे ४८ किमी) वेग असेल तर सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवा, वेग जास्त असेल तर आणखी ठेवा, असं त्यात सांगितलं आहे. रस्ता अरुंद होतो आणि ओलांडणं धोक्याचं असतं, तिथे सायकलस्वाराने लेनच्या मध्यातून चालवावं, असंही त्यात आहे.

मागे थांबलं तर किती वेळ जातो?

२०० मीटर अंतर ताशी १५ किमी वेगाने ४८ सेकंदांत कापलं जातं, ताशी ४० ने १८ सेकंदांत. म्हणजे तुमचा उशीर फक्त ३० सेकंदांचा!

गाडी चालवताना

- वळणावर आणि चढाच्या माथ्यावर ओव्हरटेक नको.
- अगदी मागे येऊन हॉर्न वाजवू नका. दचकून तोल जातो.
- घाट उतरताना चढणाऱ्याला आधी वाट द्या.
- थांबलेल्या कारचं उजवं दार डाव्या हाताने उघडा. मान आपोआप मागे वळते आणि येणारी सायकल दिसते.

सायकल चालवताना

- रुंद, मोकळी जागा आली की कडेला होऊन मागच्यांना जाऊ द्या.
- वळण्याआधी मागे बघा, हात दाखवा.
- अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवाच.
- मागे गाडी असेल तर दोघांनी शेजारी-शेजारी न चालता एकामागे एक व्हा.

पुढच्या वेळी हॉर्नकडे हात जाईल, तेव्हा हे ३० सेकंद आठवा.